नळ्या बदलल्या तो उन्हाळा

मार्च अर्धा सरला की धाराशिवातल्या शाळांच्या फाटकांवर पालकांची गर्दी होते. हातात पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर रुमाल, आणि नजर दुसऱ्याच्या पोराच्या पॅडकडं. लिंबाला मोहर आलेला असतो, डांबर तापायला लागलेलं असतं. याच दिवसांत मी माझी जुनी फियाट अन्वरच्या गॅरेजला नेते आणि त्याला सांगते, पेट्रोलच्या नळ्या बघ.

“मॅडम, मागल्या सालीच बदलल्या की,” यंदाही तो म्हणाला.

“बघ तरी.”

त्यानं बॉनेट उघडलं, दोन बोटांनी नळी दाबली. “वरून तर झकास हाय.”

“वरचं नको सांगू. काढ आणि काप.”

त्यानं काढली, पात्यानं उभी चिरली. आतून रबर मऊ पडलं होतं, बोट फिरवलं तर काळं लागलं. हल्लीच्या पेट्रोलात उसाचं स्पिरिट असतं, ते जुन्या रबराला आतून खातं, असं तो म्हणाला. मग नवी नळी आणली. ती मी वाकवून पाहिली, हुंगली, तिच्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, नखानं खरवडली.

“तुमचा शक नळीवर हाय का माझ्यावर?” अन्वरनं हसत विचारलं.

“कुणावरच नाही,” मी म्हटलं.

ते काही खरं नव्हतं. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं. पोरं मला मागून ‘तपासणी बाई’ म्हणायची. दूधवाल्याचं दूध मी बोटावर घेऊन बघते, औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचते, कुणी गोड बोललं की आधी त्याच्या चपलांकडं बघते. हा स्वभाव मला जन्माचा नाही. तो मला कधी लागला ते माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात, त्याच्या सगळ्यात वाईट उन्हाळ्यात, मी मॅट्रिकला होते तेव्हा.

आम्ही तेव्हा वाशीला राहायचो. माझे वडील सोपान धावारे, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, संघाच्या जीपवर ड्रायव्हर होते. संघ म्हणजे शेतकऱ्यांचा खरेदी-विक्री संघ. बी-बियाणं, खत, पेंड विकणारा. आणि दुष्काळ पडल्यावर धान्य वाटणारा. जीप म्हातारी होती, कुठल्या तरी सरकारी खात्यानं वापरून काढून टाकलेली. तिचा मूळचा हिरवा रंग दाराच्या सांध्यात तेवढा दिसायचा. अण्णा रोज सकाळी तिच्यामागं ट्रॉली जोडून तेरखेड्यावरून येडशीला जायचे. येडशीच्या स्टेशनात छोट्या रुळांची गाडी यायची, तिच्यातून उतरलेली सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटायच्या गोड पिठाची, पोती भरायची आणि परतीच्या वाटेवर जिथं जिथं दुष्काळी कामं चालू होती तिथं उतरवत यायचं. आमच्या बौद्ध वस्तीत पगाराची नोकरी दोघांनाच होती, एक शाळेतला शिपाई आणि एक अण्णा. अण्णांचा खाकी शर्ट आई राखेच्या पाण्यात धुवायची आणि पाणी मिळेनासं झालं तेव्हा नुसता उन्हात झटकून द्यायची.

त्या सालाचा रंग विचाराल तर लाल नाही आणि पिवळाही नाही. पिठाचा होता. खडी फोडून फोडून उडालेली पांढुरकी धूळ बायकांच्या भुवयांवर बसलेली असायची. आई सकाळी रस्त्याच्या कामावर जायची आणि संध्याकाळी यायची तेव्हा काही क्षण मला ती आजी वाटायची. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, तांबड्या भाकरीला चव नव्हती, तव्यावरच तिचे तुकडे पडायचे. सुकडीचा वास मात्र गोड, गुळमट. तो जीपच्या पत्र्यात मुरला होता.

आणि त्या साली सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतला. मुकादम हजेरीत खोटी नावं घालतो. सुकडी वाटणारा पोत्यात हात घालतो. अमक्याच्या आडात पाणी आहे, पण तो रात्रीचं झाकून ठेवतो. नदीत झरा खणलेला असायचा, वाळूत कोपरभर खड्डा; त्यात हळूहळू पाणी साचायचं आणि बायका नारळाच्या नरोटीनं ते हंड्यात भरायच्या. तिथं रांगेतली बाई पुढचीच्या नरोट्या मोजायची. आमच्या वस्तीचा झरा खालच्या अंगाला, वेगळा. वरच्या झऱ्यावरून कुणी आमच्या हंड्यात डोकावलं तरी आई हंडा पदरानं झाकायची. एक हंडा भरायला दोन-अडीच तास लागायचे.

त्या हंड्यातलं पाणी कमी व्हायला लागलं.

आधी आईला वाटलं, हंडा झिरपतोय. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी शपथ घेतली. एका सकाळी तिनं अण्णांना पकडलं. ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी ओतून घेत होते.

“वाटंत प्यायला,” अण्णा म्हणाले.

“एवढं? बैलाला पाजता का काय?”

“ऊन लई हाय,” म्हणून अण्णा गेले.

ते दिवसाआड उशिरा यायला लागले. पोती उतरवून दुपारी तीनला यायचा माणूस पाच वाजता यायचा. बाह्यांना पेट्रोलचा वास. विचारलं तर, गाडी उशिरा आली.  आई मिठाचा खडा दाताखाली धरावा तसा तोंडात काहीतरी धरून बसायची. एकदा मला म्हणाली, “येडशीला पाण्याची टंचाई लई हाय म्हणं. येका डब्याला बायका काय काय देत्यात म्हणं.” मी सोळा वर्षांची होते. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं आणि कळलं म्हणून मला तिचाही राग आला आणि अण्णांचाही.

तेव्हापासून मीही अण्णांवर नजर ठेवू लागले. भूमितीचं पुस्तक पुढं असायचं आणि लक्ष डब्याकडं. डबा भरून जायचा, रिकामा यायचा. एक दिवस मी झाकण उघडून नाक घातलं. आत एक फडकं होतं, अजून ओलसर, आणि त्याला पाण्याचा नाही, पेट्रोलचा वास होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे तीन दिवस सांगितलं नाही.

संघाचे सेक्रेटरी रोज शाळेवरून सायकलीनं जायचे. बारीक मिशा, बुशकोट, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्या मनात जीप मोडीत काढून ठेकेदाराचा ट्रक लावायचा होता, हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. सराव परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ते फाटकाशी सायकल धरून उभे होते.

“तू धावारेची मुलगी ना? पेपर कसा गेला?”

संघाचे सेक्रेटरी माझा पेपर विचारत होते. मला बरं वाटलं.

“चांगला गेला.”

“शिक. खूप शिक. वडील दमत असतील गं, एवढ्या उन्हाचं. पाणीबिणी नेतात का बरोबर?”

“नेतात. डबा भरून नेतात.”

“असं. आणि येताना डबा रिकामाच असतो का?”

“रिकामाच असतो.”

ते थोडा वेळ घंटीशी बोटानं चाळा करत राहिले. मग अगदी सहज, डोळे सायकलीवर ठेवून म्हणाले, “डब्याला कसला वास येतो का?”

मला खोटं बोलता आलं असतं. मला खोटं बोलावंसं वाटलं नाही. माझ्या मनात जे तीन दिवस साठलं होतं ते कुणीतरी मोठ्या माणसानं विचारलं, याचं मला हलकं वाटलं. मी म्हणाले, “येतो. पेट्रोलचा.”

“बरं,” ते म्हणाले. “अभ्यास कर.”

मी जे बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढं वर्गात पोरांना शिकवताना, निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक सांगताना, दर वर्षी माझा खडू त्या जागी थोडा अडायचा.

आईला आता राहवेना. एक दिवस तिनं कामावर खाडा केला. माझी अभ्यासाची सुट्टी चालू होती. मला म्हणाली, “चल माझ्यासंगं.” आम्ही एसटीनं येडशीकडं निघालो. येडशीच्या अलीकडं चढ लागतो. बालाघाटाच्या टेकड्या, रामलिंगाच्या जंगलाची कडा, त्या साली तिच्यावर नुसते खराटे उभे. चढाच्या मध्यावर जीप दिसली. आईनं कंडक्टरला सांगून गाडी थांबवली. आम्ही उतरलो आणि एसटी गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभ्या राहिलो.

जीपचं बॉनेट उघडं होतं. आसपास बाई नव्हती, माणूस नव्हतं. अण्णा इंजिनावर वाकून डब्यातलं पाणी फडक्यावर ओतत होते आणि ते फडकं एका काळ्या रबरी नळीभोवती गुंडाळत होते. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं, हलक्या हातानं. पाणी नळीवरून ओघळून तापलेल्या लोखंडावर पडत होतं आणि चर्र करून वाफ होत होती.

आई जवळ गेली. अण्णांनी वर बघितलं. ते दचकले नाहीत, नुसते थकल्यासारखे दिसले.

“हे काय करता?” आईनं विचारलं.

“गाडी पेट्रोल ओढत न्हाय. नळी आतून सुजलीय. उन्हात मऊ पडती आन् चिकटून बसती. थंड केली का ओढती जरा येळ.”

“माझं पाणी.” आई म्हणाली. “आवं, नरोटी-नरोटीनं भरलेलं माझं पाणी. ह्या लोखंडाच्या मढ्यावर घालता व्हय?”

“मग काय घालू?”

“नळी बदला म्हणावं की संघाला.”

“म्हणून बगू?” अण्णा पहिल्यांदा जरा ताठ झाले. “सेक्रेटरी टपूनच बसलाय. गाडी बंद पडती ह्ये कळलं का गाडी मोडीत. गाडी मोडीत म्हंजी म्या बी मोडीत. दुसऱ्याची गाडी बंद पडली तर गाडी खराब म्हणत्यात. माझी बंद पडली तर धावारेनं काय केलं म्हणत्यात.”

“मला तरी सांगायचं.”

“तुला सांगितलं आसतं. तू झऱ्यावर सांगितलं आसतंस.”

 आईनं डबा अण्णांच्या हातातून घेतला, उरलेलं पाणी किती आहे ते पाहिलं, आणि स्वतःच फडक्यावर ओतलं. थेंब बाजूला सांडू दिला नाही. जीप दोन वेळा खोकली आणि चालू झाली. आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसून येडशीला गेलो. सबंध वाटेत आईचा चेहरा बाहेर वळलेला होता. पण तिचा खांदा सैल झाला होता, तो मला लागत होता.

आईचा भाऊ, दत्तूमामा, तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर होता. आगीशी रोजचा संबंध असलेला माणूस ठिणगीला किती भितो ते मामाकडं बघून कळायचं. चुलीपासून दहा हात लांब बसून जेवायचा. बिडी ओढणाऱ्याच्या शेजारी उभा राहायचा नाही. फटाक्यांचे कागद आणायला तो बार्शीला जायचा. आईनं त्याला नळीचं सांगितलं तसा तो तिथून नळी घेऊन आला. पण लगेच दिली नाही. एक तुकडा कापून पेट्रोलच्या बाटलीत दोन दिवस बुडवून ठेवला. “दुकानदार म्हणतो पेट्रोलचीच हाय. म्हणंना का. इरघळली तर पाण्याची समजायची.” विरघळली नाही. फुगलीही नाही. मग तो वाशीला आला.

रविवार होता. नदीच्या कोरड्या पात्रात, बाभळीखाली जीप उभी केली. मामानं आधी सगळीकडं चक्कर मारून कुणाची चूल, कुणाची बिडी आहे का ते बघितलं. जीपच्या दोन्ही बाजूंना वाळूचे ढीग केले. आईला म्हणाला, “आक्का, बांगड्या काढ. लोखंडाला लोखंड घासू नगं आन् काचंला बी.” आई म्हणाली, बांगड्यांनी कधी आग लागली आहे का. पण काढल्या.

अण्णांनी जुन्या नळीची क्लिप सैल केली. टाकीकडून येणाऱ्या तांब्याच्या नळीचं तोंड उघडं पडलं की पेट्रोल गळणार; ते बोटानं दाबून धरायचं काम माझं. “सोडू नगं,” अण्णा म्हणाले. पेट्रोल इतकं गार असतं हे मला माहीत नव्हतं. त्या भट्टीसारख्या दुपारी माझं एक बोट हिवाळ्यात होतं. नखाखालून एखादा थेंब सुटायचा आणि मनगटावर येईपर्यंत उडून जायचा.

जुनी नळी तिच्या जागेवरून निघता निघेना. वरून ठीक दिसायची, कापडाची वीण तशीच. पण पिळली तशी तिच्यातून काळा भुगा पडला. नव्या नळीला अण्णांनी आतून एरंडेलाचं बोट फिरवलं, तोंडावर बसवली, क्लिप आवळली. मग पंपापासून वर कारबोरेटरकडं जाणारी दुसरी. मामा तोवर जीपकडं पाठ करून वाळूच्या ढिगापाशी उभा, जणू कुणी शत्रू येणार आहे. सगळं झाल्यावर अण्णांनी नळ्यांवरून कोरडं फडकं फिरवलं, हुंगलं, पुन्हा फिरवलं. इंजिन चालू केलं. आम्ही चौघंही ते ऐकत उभे राहिलो. आवाजात खोकला नव्हता.

मामानं जुन्या नळ्या कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकल्या. “कशाला?” आईनं विचारलं. “आसू दे,” तो म्हणाला.

चार दिवस जीप तीनला परत आली. हंड्यातलं पाणी हंड्यात राहिलं. त्या रविवारच्या रात्री आई माझ्या शेजारी बसून बांगड्या पुन्हा चढवत होती तेव्हा तिनं गाण्यासारखं काहीतरी गुणगुणलंही. पाचव्या दिवशी सेक्रेटरींनी गोदामाच्या दारात बॉनेट उघडायला लावलं.

नव्या नळ्या कुणाच्याही डोळ्यांत भराव्या अशाच होत्या, त्या जुनाट इंजिनावर काळ्याभोर. संघानं तर घेतल्या नव्हत्या. मग कुठून आल्या? डब्यातून पेट्रोल चोरून विकलं, त्या पैशांतून? की या दुसऱ्या कुठल्या गाडीच्या काढलेल्या? अण्णांना त्याच दुपारी चेअरमनपुढं उभं केलं. निरोप गेला म्हणून मामा तेरखेड्याहून सायकल मारत आला. तिथं काय झालं ते आम्हाला त्यानंच सांगितलं.

सेक्रेटरी म्हणाले, “हा माणूस रोज घरून डबा नेतो. परत येताना डब्याला पेट्रोलचा वास असतो. नाही म्हण.”

अण्णा म्हणाले, “वास आसतो. डब्यात पाणी व्हतं. गाडीच्या नळीवर घालत व्हतो.”

“पाणी? या सालात रस्त्यावर पाणी कोण ओततं?”

 मामा आम्हाला म्हणाला, मलाच ते पाण्याचं खोटं वाटलं, सडकी नळी माझ्या डोळ्यांनी बघितलेली असून. मग त्यानं पिशवीतून जुन्या नळ्या काढल्या आणि टेबलावर एक नळी कागद कापायच्या पात्यानं उभी चिरली. आतलं रबर सालपटासारखं लोंबत होतं. दुसरी न चिरलेली नळी चेअरमननं हातात घेतली, खिशातून काडेपेटी काढली आणि काडी आत घालून बघितली. काडी अर्ध्यात अडली. मामा सांगत होता, काडेपेटी निघाली तसा मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, पुढचं दारातून बघितलं.

चेअरमन म्हणाले, “मग आधी कामून सांगितलं न्हाईस धावारे?”

“सांगितलं आसतं तर गाडी मोडीत निघाली आसती सायेब.”

 चेअरमन शेतकरी होते, इंजिन वापरलेलं होतं. म्हणाले, गाडी चालतीय तर चालू द्या. अण्णांची नोकरी राहिली. पण त्या दिवसापासून सकाळी जाताना आणि परत आल्यावर जीपच्या टाकीत काठी घालून पेट्रोल बघायचं ठरलं. डबा न्यायचा नाही असंही ठरलं. कुणी चुकलं असं कुणी म्हटलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मामा भाकरी मोडता मोडता म्हणाला, “पर एक हाय. डब्याच्या वासाचं सेक्रेटरीला ठाऊक व्हतं. ते तर घरातल्यालाच ठाऊक आसणार.”

माझ्या हातात परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. मी ते उलटं करून मागची सूचना वाचायला लागले. एकच ओळ पुन्हा पुन्हा. अण्णा कुणाकडं बघत होते ते मी बघितलं नाही. आई म्हणाली, “सुमे, दिवा घे आन् जा, आभ्यासाला बस.” मी दिवा उचलला आणि शिपाईमामांच्या पडवीत अभ्यासाला गेले, रोज जायचे तशी.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा आईशी बोलेनासे झाले.

भांडण नव्हतं. आवाज नव्हता. “सुमे, आईला सांग मी चाललो.” “सुमे, आईला इचार पीठ हाय का.” आई दोन हातांवर उभी असायची आणि मी मधे उभी राहून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. ती तांब्या पुढं करायची तर अण्णा उठून स्वतः रांजणातून घ्यायचे. मला वाटलं, आईनं येडशीच्या बाईचा संशय घेतला, त्यांच्या मागावर गेली, त्याचा हा राग. तेही वाटायला सोयीचं होतं. माझा एक पेपर झाला, दुसरा झाला. घाम येऊन उत्तरपत्रिकेवर हात चिकटायचा. भौतिकशास्त्राच्या पेपरात उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात त्याची उदाहरणं लिहायची होती. मी रेल्वेचे रूळ लिहिले.

ते बोलणं दोन महिने बंद होतं. निकाल लागला त्या दिवशी अण्णा संघातून धावतच घरी आले, आई उंबऱ्यात डोक्यावरची पाटी उतरवत होती, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “कौसा, पोरगी पास झाली.” आईनं पाटी खाली ठेवली आणि ती तिथंच बसून रडली. मला वाटलं, निकालासाठी रडली.

पुढं पाऊस झाला, पिकं आली, संघाला नवी गाडी आली. जीप लिलावात गेली. अण्णांना गोदामावर वॉचमन केलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. टाकीतली काठी जीप असेपर्यंत चालू होती. सेक्रेटरी बदलून दुसरे आले, त्यांना ती का घालतात ते ठाऊक नव्हतं, तरी घालायचे. मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, फियाट घेतली. आई गेली. अण्णा माझ्याकडं धाराशिवात येऊन राहिले.

फियाटच्या नळ्या तेव्हा तेच बघायचे. मेकॅनिकवर त्यांचा विश्वास नव्हता. मधल्या एका दुष्काळाच्या वर्षी, टँकर दारात थांबून गेला होता आणि मी बादल्या आत नेत होते. अण्णा ऐंशीच्या घरात. अंगणात बॉनेट उघडून, डोळे मिटून, नळी बोटांनी चाचपत उभे होते. का कोण जाणे, मला त्या क्षणी ते आणखी एक दिवसही मनात ठेवणं जमलं नाही. मी बादली खाली ठेवली.

“अण्णा, डब्याच्या वासाचं सेक्रेटरीला मी सांगितलं होतं.”

त्यांची बोटं नळीवर तशीच राहिली. ऐकू गेलं नाही असं वाटलं.

“त्यांनी फाटकापाशी विचारलं. मी सांगितलं.”

“तू?”

“व्हय.”

त्यांनी बॉनेट हळूच खाली घेतलं, दोन्ही हातांनी दाबून लावलं आणि पायरीवर जाऊन बसले. मी समोर उभी. रागावले असते तर बरं झालं असतं.

“त्याच राती म्या तुझ्या आईला इचारलं,” ते म्हणाले. “तू पडवीत गेल्यावर. म्हणलं, घरातलं कुणीतरी बोललंय. झऱ्यावर बोललीस का तू? ती भाकरी थापत व्हती. थापत ऱ्हायली. व्हय म्हणली न्हाय, न्हाय म्हणली न्हाय.”

“दोन महिने अण्णा.”

“दोन म्हैने. आन् त्याच्या फुडं बी. बोललो तरी मनात ऱ्हायलंच की. मरंस्तोर तिला म्या आतलं काय सांगितलं न्हाय. झऱ्यावर सांगंल म्हणून.”

टँकर पुढच्या गल्लीत जाऊन उभा राहिला होता. बायकांचा आवाज येत होता. अण्णा जमिनीकडं बघत होते.

“तिला ठाऊक व्हतं, सुमे. तू बोललीस ते. नुसतं न्हाय म्हणायचं व्हतं तिनं. मग म्या तुला इचारलं आसतं.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं बोटांचं काळं पुसलं. “चार दिसांवर तुझी परीक्षा व्हती.”